कुसळीचा माळ मारायचा की वेळेत कापायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळ्याच्या पश्चिमेला, शाहूवाडीच्या बाजूला घरची तीन एकर पड जमीन. मुरमाड, थोडी उताराची, वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ. विहीर नाही आणि बोअरला पाणी लागलं नाही. विचारणारे नोकरीसाठी पुण्यात असतात, गावी भाऊ दोन म्हशी आणि चार-पाच शेळ्या सांभाळतो. माळावर सगळीकडे कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं रानगवत. दिवाळीनंतर जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. गेल्या वर्षी एका शेळीचं तोंड सुजलं आणि कुत्र्याच्या कानात कुसळ गेलं. एका रोपवाल्यानं सल्ला दिला की तणनाशक मारा, जेसीबीनं उकरून घ्या आणि नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावा. शेजारी म्हणतात, फेब्रुवारीत पेटवून द्या, पावसाळ्यात कोवळं येईल. तर ही कुसळी मुळासकट घालवायची कशी?

मी पशुवैद्यक. याच पट्ट्यात नोकरी झाली आणि आता कुरणांचं काम बघतो. जनावरांच्या तोंडातली कुसळं चिमट्यानं काढण्यापासूनच माझी या गवताशी ओळख सुरू झाली, त्यामुळे त्याचे लाड करायचं मला काही कारण नाही. तरीही आधीच सांगतो, तुमच्या जागी मी असतो तर ती मुळासकट घालवायच्या फंदात पडलो नसतो. वेळेत कापली असती आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिच्यात चांगली गवतं शिरू दिली असती. आता कारणं सांगतो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एक, कुसळ टोचतं आणि इजा करतं. दोन, वाळलेल्या गवतात कस नाही म्हणून जनावर खात नाही. तीन, माळ एकाच गवतानं धरला आहे. पहिल्या दोन अडचणी एकाच कामानं सुटतात, ते काम म्हणजे कापणीची तारीख बदलणं. तिसरीला वर्षं लागतात आणि तिथं घाई केली की नुकसान होतं. रोपवाल्याचा उपाय तिसरीवरच आहे, आणि तोही उलट्या दिशेनं.

जागा नेमकी कुठं आहे यावर बरंच अवलंबून आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचा फरक फार मोठा. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडे त्याच्या निम्मा. हातकणंगल्याच्या बाजूला बाहुबली, रामलिंगचे कोरडे डोंगर आहेत, तिथं कुसळी अगदी घरची. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर तिच्यापेक्षा उंच, जाड काड्यांची दुसरी गवतं जास्त दिसतात. तुमची जागा मधल्या पट्ट्यात येते. पाऊस पुरेसा आहे, पण मातीचा थर पातळ आणि उतार असल्यामुळे पाणी थांबत नाही. कुसळीला हेच हवं असतं.

अजून एक फरक बघून घ्या. वरचा जांभ्याचा सपाट कातळ, ज्याला आपण सडा म्हणतो, तो आणि खालचा मुरमाड उतार या दोन वेगळ्या जमिनी आहेत. सड्यावर माती चार बोटं असते, पावसाळ्यात पाणी साचतं आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला बारीक फुलांचे गालिचे दिसतात. मसाई पठारावर बघितले असतील. तिथं गवत खुरटं येतं आणि वैरण म्हणून हातात फारसं काही लागत नाही. त्या भागाला हात लावू नका, नांगर तर नकोच. इथून पुढचं सगळं मी खालच्या उताराबद्दल लिहितोय.

आता ते कुसळ एकदा नीट बघा. पिकलेला एक तुरा तोडा. दाण्याच्या खालच्या टोकाला सुईसारखी अणकुची असते आणि तिच्यावर तांबूस, ताठ केस असतात. सगळे केस मागच्या बाजूला वळलेले. दाण्याच्या दुसऱ्या टोकाला करडं-काळपट लांब शेपूट, दोन-तीन इंच, खालच्या निम्म्या भागात पीळ पडलेला आणि मध्ये कोपरात वाकलेलं. हे शेपूट तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात ते हातावरच गरगर फिरायला लागतं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. रात्री दव आणि दिवसा ऊन, असं रोज चालतं. शेपूट गवताच्या काडीला अडकलं की फिरण्याचा सगळा जोर दाण्यावर येतो आणि अणकुची गिरमिटासारखी मातीत उतरते. मागे वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. बी जमिनीत पेरायची ही सोय आहे. पण समोर माती नसून मेंढराची कातडी, शेळीची हिरडी किंवा कुत्र्याचा कान असला तरी दाणा तेच करतो. लोकरीतून कातडीत आणि कातडीतून मांसात शिरलेली कुसळं मी काढली आहेत. धनगर दिवाळीनंतर कुसळीच्या माळावर मेंढरं घालत नाहीत आणि शेतात बसवायला खाली उतरतात, त्याला खताच्या पैशाइतकंच हेही कारण आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. टोचण्याची ताकद फक्त पिकलेल्या दाण्यात असते. तुरा कोवळा, हिरवा असताना शेपूट मऊ असतं आणि अणकुची कडक झालेली नसते. जुलै-ऑगस्टमधली कुसळी म्हैस आवडीनं खाते. भावाला विचारा, तोही हेच सांगेल. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने हे चालणारं गवत आहे, आणि आपल्याकडे ते नेमकं बिघडल्यावर कापलं जातं.

उशीर का होतो, तेही मला माहीत आहे. कुसळी निसवते, म्हणजे तुरा काढते, सप्टेंबरात, पिकते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हाच सुगी असते. भात, सोयाबीन, भुईमूग सगळं एकदम अंगावर येतं. माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, मग माळावरचं गवत सगळ्यात शेवटी. शिवाय हस्ताचा पाऊस. कापून टाकलं आणि भिजलं की काळं पडतं. म्हणून लोक दिवाळी होऊ देतात, कुसळं झडू देतात आणि मग कापतात. गंजी लागते, पण ती काड्यांची. त्यात आळस नाही, नाइलाज आहे. त्यामुळे ‘लवकर कापा’ एवढं सांगून भागणार नाही, कसं ते सांगावं लागेल.

वेळ ओळखायची खूण अशी. उत्तरा नक्षत्र लागलं, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून, की चार दिवसांआड माळावर एक फेरी मारायची. दहा-बारा वेगवेगळ्या ठोंबांच्या काड्या घ्यायच्या, वरचं पान नखानं उभं चिरायचं आणि आत बघायचं. तुरा आतच असेल, फिक्कट आणि मऊ, तर गवत पोटरीत आहे. निम्म्या काड्यांत तुरा बाहेर डोकावायला लागला की कापणी सुरू. तुरा पूर्ण बाहेर येऊन शेपटं तपकिरी दिसायला लागली तर तुमच्याकडे फार तर आठवडा आहे. शेपटं एकमेकांत गुंतून त्यांचा दोर झाला की वेळ गेली.

कापणी एका दमात करू नका. तीन एकराच्या पाच-सहा पट्ट्या पाडा. वरचा उथळ मातीचा भाग आधी निसवतो, खालचा खोल मातीचा मागून, त्यामुळे वरून खाली या. पहिल्या पट्ट्या हिरव्याच कापून म्हशींना घाला. तेव्हा वाळवायचा प्रश्नच नाही. मधल्या पट्ट्यांचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, करता येतो. शेवटच्या पट्ट्या हस्ताची उघडीप बघून वाळवायच्या. विळ्यानं दोन माणसांना जे काम आठवडाभर पुरतं ते खांद्यावरच्या ब्रश कटरनं दोन-तीन दिवसांत होतं, आणि हे यंत्र आता बऱ्याच गावांत भाड्यानं मिळतं. उतारावर दगड फार, तेवढं पातं सांभाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा. कापताना जमिनीपासून चार बोटं ठोंब ठेवायचा. अगदी मातीलगत खरवडला तर पुढचे फुटवे मरतात.

वाळवताना गवत जमिनीवर पसरून ठेवू नका. तीन बांबूंची तिवई करून त्यावर सैल टांगलं तर वारा लागतो आणि वरून सर आली तरी पाणी निथळून जातं. थोडं हिरवट राहिलं तरी चालेल, पण दाबून गंजी घालायची नाही, आत गरम होऊन बुरशी धरते. मुरघासाचं म्हणाल तर नुसत्या रानगवताचा मुरघास नीट आंबत नाही, कारण त्यात साखर कमी. कुट्टी इंचभराची करा, गवत फार ओलं असेल तर अर्धा दिवस सुकू द्या आणि शंभर किलोला दोन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा. आपल्या जिल्ह्यात जुना, पाझरलेला गूळ कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच. पिशवीत पायानं दाबून हवा काढा, तोंड घट्ट बांधा आणि पंचेचाळीस दिवस उघडू नका. उंदरांनी पिशवी फोडली तर तो भाग टाकून द्यायचा, म्हशीला घालायचा नाही.

आता कसाचं बोलू. म्हशीच्या पोटातले जिवाणू चारा पचवतात आणि त्यांना चाऱ्यात साधारण सात टक्के तरी प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की पचन मंदावतं, पोट भरलेलं राहतं आणि जनावर खाणं कमी करतं. कोवळी कुसळी या सीमेच्या आसपास असते, पिकून वाळलेली तीन-चार टक्क्यांवर येते. म्हणजे दिवाळीनंतर तुमच्या म्हशी तोंड फिरवतात त्याला कुसळ हे एक कारण, आणि कस नसणं हे दुसरं. कुसळं सगळी झडून गेली तरी ते गवत त्यांना पुरणार नाही.

हिशेब करून बघा. मध्यम म्हशीला दिवसाला बारा किलोच्या आसपास सुका चारा लागतो, दोघींना चोवीस. अशा माळावर एकरी टनभर वाळलं गवत धरा, पाऊस चांगला झाला तर जास्त. तीन एकरांत तीन टन. नुसतं तेच घातलं तर चार महिने. अर्धं हे आणि अर्धं उसाचं वाढं किंवा बांधावरचं हिरवं, असं घातलं तर आठ महिने. दोन म्हशींच्या घराला ही मोठी गोष्ट आहे, कारण मार्चनंतर कडब्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. फक्त ते तीन टन वेळेत कापलेले हवेत. (वाढं भरपूर घालत असाल तर सोबत चुना-खनिज मिश्रण द्या. वाढ्यात ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. हा वेगळा विषय आहे, पण आपल्याकडे हिवाळ्यात म्हशी आखडतात त्यात याचा वाटा असतो.)

नेपियरबद्दल. नेपियर वाईट नाही. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत मी स्वतः लोकांना लावायला सांगतो, पण विहिरीच्या कडेला, पाटाच्या बाजूला, शेणखत घातलेल्या जमिनीत. त्याला पाणी लागतं आणि भरपूर खत लागतं. तुमच्या माळावर पहिल्या पावसाळ्यात तो डोक्याएवढा होईल, फोटो छान येतील, आणि एप्रिलपर्यंत निम्मे ठोंब मेलेले असतील. तोवर कुसळी तर तुम्ही मारलेली असणार. मग उतारावर पकडून ठेवायला काहीच नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती वीतभर माती ओढ्याला जाईल आणि खालचा कातळ उघडा पडेल. ती माती परत येत नाही. उघड्या जागेवर मग कोण येतं ते रस्त्याकडेच्या जेसीबीनं उकरलेल्या जागा बघितल्या की कळतं. गाजर गवत, घाणेरी, रानमोडी. त्यांच्यापुढे कुसळी परवडली. भावाच्या परसात सांडपाण्यावर चार सऱ्या नेपियर जरूर लावा, दोन म्हशींना हिरव्याचा आधार होईल. माळावर नको.

पेटवण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाळल्यावर कोवळं गवत येतं, आणि लवकर येतं. पण कोणाचं येतं? कुसळीचं बी पिकल्या पिकल्या उगवत नाही, काही महिने झोपून राहतं आणि पुढच्या पावसाची वाट बघतं. तोवर ते स्वतःला मातीत पेरून बसलेलं असतं, वरून आग गेली तरी त्याला झळ लागत नाही. जुन्या ठोंबाचे डोळेही मातीलगत सुरक्षित असतात. आगीत मरतं ते वर पडलेलं इतर गवतांचं बी, आणि शेंगवर्गातली रोपं. शिवाय पालापाचोळा जळून जमीन उघडी होते, कुसळीच्या रोपट्याला तेच पाहिजे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये हेच गवत मोठ्या पट्ट्यावर आहे आणि तिथले गुरंवाले ते टिकवून ठेवायला मुद्दाम आग वापरतात. म्हणजे कुसळी वाढवायची असेल तर दरवर्षी पेटवा, आणि वर आलेल्या कोवळ्या फुटव्यांवर लगेच जनावरं सोडा. तुमच्या माळावर एवढी वर्षं हेच झालेलं आहे असा माझा अंदाज आहे. आग वनहद्दीत गेली तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, ते वेगळंच. तुम्ही पेटवलं नाहीत तरी शेजारून वणवा येणार, म्हणून जानेवारीतच हद्दीला दोन-तीन मीटर रुंद पट्टा साफ करून जाळरेषा काढून ठेवा.

माळ एकाच गवतानं का धरला, याचं उत्तर यातच आहे. दख्खनच्या माळावर मुळात पवना, मारवेल, डोंगरी अशी चविष्ट बहुवर्षायू गवतं होती, कुसळी त्यांच्यात मिसळून. चराई वाढली की जनावर आधी पवना नि मारवेल खातं, त्यांना बी धरायला मिळत नाही आणि कुसळी पुढे सरकते. तरीही ताण चालू राहिला तर कुसळीही मागे पडते आणि तीन शेपटांचं, केसासारखं बारीक, अगदीच निकस गवत येतं, त्याच्याखाली वरवंट्यासारखी उघडी जमीन दिसते. तुमची जागा मधल्या पायरीवर आहे. इथून वर चढता येतं. म्हणूनच मारू नका म्हणतोय. कुसळीनं माती धरून ठेवली आहे, तिच्या आडोशाला दुसरं काहीतरी रुजू शकतं.

आधी मोजणी करा. सप्टेंबरात, कापणीच्या आधी, माळावर तिरकं चालायचं. दर दुसऱ्या पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते बघायचं: कुसळी, दुसरं गवत, शेंगवर्गातलं काही, की उघडी माती. अशा शंभर नोंदी झाल्या की थेट टक्के मिळतात. भावाला ओळख पटत नसेल तर त्यानं तुरे तोडून वहीत दाबून ठेवावेत. शंभरात वीस जागा जरी मारवेल, पवन्याच्या निघाल्या तर काही पेरू नका. नुसतं दोन वर्षं कुसळी तुरा पिकायच्या आत कापा आणि चराई आवरा, बाकीची गवतं आपोआप पसरतील. कुसळीचं बहुतेक बी पुढच्या पावसाळ्यातच उगवतं, मातीत वर्षानुवर्षं साठून राहत नाही. नवं बी पडायचं थांबवलं की नवी रोपं फार कमी होतात. जुने ठोंब राहतील, राहू द्या.

कापताना मात्र दुसऱ्या गवतांचे काही ठोंब सोडायचे. हे काम यंत्रवाल्या माणसाला जमत नाही, म्हणून आधी त्यांच्याजवळ काठी रोवून चिंधी बांधा. ते नोव्हेंबरात बी टाकतील. बियाण्यावरचा तुमचा खर्च एवढाच.

दहाच्या आतच निघाल्या तर बाहेरून आणावं लागेल. मारवेलचं बी हलकं, वाऱ्यानं उडणारं, त्यामुळे मी मुळासकट ठोंबं लावतो. राहुरीचं फुले मारवेल ०६-४० लोकांना चांगलं आलं आहे. कसबा बावड्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा तालुका पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी केली तर ठोंबं कुठं मिळतील ते कळतं. आर्द्रात, जमीन नीट भिजल्यावर, उताराला आडव्या ओळीत, दीड-दोन फुटांवर लावा. सगळा माळ नांगरायचा नाही. फक्त ओळीपुरती कुदळ मारा, मधली कुसळी तशीच ठेवा. पहिल्या वर्षी तीन एकरांतले अर्धा एकर पुरे.

शेंगवर्गातलं स्टायलो मात्र जिथं उघडी माती दिसेल तिथं टाका. ते हवेतला नत्र धरतं आणि चाऱ्यात प्रथिनं आणतं, म्हणजे मघाशी सांगितलेल्या सात टक्क्यांच्या अडचणीवर थेट उपाय. बियाचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, बुडबुडे थांबून वाफ तेवढी राहिली की (ऐंशी अंशांच्या आसपास) कापडात बांधलेलं बी चार मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत वाळवा. वाळूत मिसळून मिरगाच्या पहिल्या पावसानंतर फेकायचं. जांभ्याच्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, तो मुळांना मिळत नाही, म्हणून स्टायलोच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेटचं एखादं पोतं टाकलं तर फरक दिसतो. युरिया टाकू नका. गवत हिरवंगार होईल आणि स्टायलो त्याच्याखाली दबून मरेल.

चराईचं सोपं आहे, पण भावाला पटायला जड जाईल. जून आणि जुलै माळ बंद. नवे फुटवे आणि रोपटी वीतभर होईपर्यंत शेळ्या दुसरीकडे. कापणीनंतर जो फुटवा येतो तो ऑक्टोबरात हलका चारायला हरकत नाही. शेळ्यांसाठी हद्दीला शेवरी लावा, तिचा पाला त्यांना गवतापेक्षा आवडतो आणि माळावरचा ताण कमी होतो.

यंदा काय? तुम्ही हे वाचेपर्यंत गवत पिकलेलं असेल तर कुट्टी यंत्रात घालून टोचणं जाईल असं समजू नका. अणकुची काही मिलिमीटरची असते, ती पात्यातून जशीच्या तशी सुटते. कुसळं पूर्ण झडेपर्यंत थांबा, डिसेंबर उजाडेल. मग कापा, पेंढ्या उलट्या धरून दगडावर आपटा आणि खालचा गुंता गोळा करून बाजूला टाका. असं गवत कसानं रिकामं असतं. शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा आणि ताडपत्रीखाली एकवीस दिवस झाकून ठेवायचं. उघडल्यावर तासभर वारं लागू द्या आणि मग थोडं-थोडं सवयीनं द्या. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकांना अजिबात नाही. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर जीव जातो, बादली तिथल्या तिथं ओता आणि धुवा. हे झेपणार नसेल तर ते गवत शाकारणीला द्या. धनगरवाड्यांवरची छपरं याच गवतानं वर्षानुवर्षं शाकारली जायची, आणि तिकडे हवाई बेटांवर तर घरंच्या घरं या गवतानं झाकायचे.

शेळीचं तोंड. कुसळ असेल तर बहुधा एकच जनावर आजारी असतं, तोंडाला घाण वास येतो, एका बाजूनं चावतं आणि गालात चारा साठतो. जिभेखाली आणि ओठ-हिरडीच्या मधल्या खोबणीत बॅटरी मारून बघा. वर दिसतं तेवढं बोटानं किंवा चिमट्यानं दाणा शिरला त्याच रेषेत ओढा. शेपूट धरून ओढलं तर ते तुटतं आणि अणकुची आत राहते. नंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्कट गुलाबी पाण्यानं तोंड धुवा आणि बोरोग्लिसरीन लावा. पण तापही असेल, तारेसारखी लाळ गळत असेल, खुरांत जखमा असतील किंवा दोन-तीन जनावरं एकदम आजारी पडली असतील तर कुसळ शोधत बसू नका. ती लाळ्या-खुरकूत असू शकते. जनावर वेगळं बांधा आणि दवाखान्यात कळवा.

कुत्र्याच्या कानात तेल किंवा कापसाची काडी घालू नका, त्यानं कुसळ आणखी आत जातं. डोकं एका बाजूला कलतं ठेवत असेल किंवा सारखं झटकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, भूल देऊन काढावं लागतं. दिवाळीनंतर माळावरून आल्यावर त्याची बोटांमधली जागा आणि काखा रोज चाचपा. केसाळ कुत्रं असेल तर ऑक्टोबरातच तिथले केस कातरून टाका.